भागीदारीची ऑफर आलेल्या कूकसाठी: पगारवाढ, नफ्यात वाटा, फर्म की एलएलपी?

मालक भटारखान्यात येऊन "तू आता पार्टनरच हो" म्हणतो, तेव्हा तो तीनपैकी कुठल्याही व्यवहाराबद्दल बोलत असू शकतो. पहिला व्यवहार म्हणजे नोकरी तशीच, पगार तसाच, वर नफ्यातला काही हिस्सा. दुसरा म्हणजे 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याखालची फर्म, जिच्यात नफ्याबरोबर देणीही वाट्याला येतात. तिसरा म्हणजे 2008 च्या कायद्याखालची एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी. चौथा पर्याय कोणी बोलून दाखवत नाही, पण तो धरायलाच हवा: आहे ती नोकरी आणि घसघशीत पगारवाढ. यातला नेमका कुठला, हे बरेचदा मालकाच्याही मनात पक्कं नसतं. तो टक्का सांगून मोकळा होतो आणि पुढची सगळी बोलणी त्या टक्क्यावरच अडकतात.

मी हॉटेलांचे हिशेब लिहितो आणि हे लिहिताना कूकच्या बाजूने उभा आहे. मालकाकडे सीए असतो, वकील असतो, बँकेत ओळख असते. कूककडे यातलं काहीच नसतं, आणि निर्णय मात्र आठवड्याभरात हवा असतो. म्हणून माझं मत आधीच सांगतो. ज्याच्याकडे घालायला भांडवल नाही आणि तोटा सोसायला शिल्लक नाही, त्या कूकने साध्या फर्ममध्ये भागीदार होऊ नये. त्याने लेखी करार करून नफ्यात वाटा घ्यावा आणि वर्ष-दोन वर्षं हिशेब पाहून पटलं तर एलएलपीत जावं.

ऑफर आत्ताच का आली?

टक्क्याच्या आधी हे विचारा. मालकाला नाही विचारता आलं तर स्वतःला विचारा.

तुम्ही सोडून जाल ही भीती असेल, तर त्याला तुम्हाला बांधून ठेवायचं आहे. त्यासाठी भागीदारी लागत नाही, नफ्यातला वाटा पुरतो. त्याला दुसरी शाखा काढायची असेल आणि पहिली कोणीतरी आपलं म्हणून चालवायला हवं असेल, तर गोष्ट खरी आहे. पण मग कुठल्या शाखेच्या नफ्यात वाटा, हा प्रश्न लगेच उभा राहतो. नव्या शाखेचं कर्ज जुन्या शाखेच्या नफ्यातून फिटणार असेल, तर तुमच्या मेहनतीवर उभी राहणारी दुसरी जागा एकट्या मालकाची होईल. त्याचं वय झालं असेल आणि मुलं धंद्यात येणार नसतील, तर मात्र ही ऑफर सगळ्यात मोलाची. तिथे पाच-सात वर्षांत टप्प्याटप्प्याने हिस्सा वाढत जाईल असं बोलता येतं.

आणि त्याने तुमच्याकडे पैसेही मागितले असतील, तर एक शक्यता समोर ठेवावी लागते: धंद्यावर कर्ज आहे आणि ते उचलायला आणखी एक खांदा हवा आहे. अशा मालकाचा हेतू वाईटच असतो असं नाही. अडचणीतला माणूस विश्वासातल्या माणसाकडेच येतो. पण त्या विश्वासापोटी तुम्ही घरातली शिल्लक मोडण्याआधी बँकेचं मंजुरीपत्र डोळ्यांनी पाहायला हवं.

ऑफर मालकाकडून न येता बाहेरच्या माणसाकडून आली असेल, म्हणजे पैसा त्याचा आणि हात तुमचे, तर बोलणीत तुमचं वजन जास्त असतं. त्याला स्वयंपाकघरातलं काही कळत नाही आणि तुमच्याशिवाय त्याचा धंदा सुरूच होत नाही. मात्र नवी जागा म्हणजे धोका मोठा. "दहातली नऊ हॉटेलं पहिल्या वर्षात बंद पडतात" हे वाक्य खरं नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात एच. जी. पारसा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षात बंद पडलेल्या किंवा मालक बदललेल्या रेस्टॉरंटांचं प्रमाण सुमारे 26 टक्के होतं आणि तीन वर्षांत ते 60 टक्क्यांच्या आसपास गेलं. तो आकडा तिथला आहे, आपल्याकडे तसाच्या तसा लावता येणार नाही. पण तीन वर्षं हा काळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. नव्या जागेत पहिल्या दिवसापासून देणी तुमच्या नावावर चढतात आणि नफा दिसायला वेळ लागतो.

वीस टक्के, पण कशाचे?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते आणि पगारवाढ सोडली तर ती तिन्ही पर्यायांना लागू आहे, म्हणून जरा थांबून बघू.

समजा जीएसटी वगळून विक्री 100 रुपये आहे. त्यातले 34 कच्च्या मालाला गेले, 20 पगारांना, 12 जागेच्या भाड्याला, 8 गॅस-विजेला, 7 डिलिव्हरी कंपन्यांच्या कमिशनला आणि 6 किरकोळ दुरुस्ती, पॅकिंग, साफसफाई वगैरेला. राहिले 13. याचे वीस टक्के म्हणजे 2 रुपये 60 पैसे. ऑफर ऐकताना कूकच्या डोक्यात साधारण हाच हिशेब असतो, कारण माल, माणसं आणि गॅस त्याला रोज दिसतात.

पण मालकाच्या सीएचा हिशेब इथे संपत नाही. कर्जाचं व्याज 4 रुपये वजा झालं की उरले 9, आणि तुमचा वाटा 1 रुपया 80 पैसे. मग मालकाने स्वतःचा पगार म्हणून 5 रुपये घेतले की उरले 4. आता तुमचे वीस टक्के म्हणजे 80 पैसे. टक्का तोच आहे, पण हातात येणारी रक्कम एक तृतीयांशाहूनही कमी झाली. यात कोणी खोटं बोललेलं नाही. फक्त नफा कुठल्या रेषेवर मोजायचा हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

आणखी काही जागा अशाच आहेत. जागा मालकाच्याच कुटुंबाची असेल तर भाडं कोण ठरवणार? किराणा त्याच्या भावाच्या दुकानातून येत असेल तर दर कोणी तपासायचा? घरचे लोक पगारपत्रकावर आहेत का? घरी जाणारे डबे, ओळखीच्यांची न फाडलेली बिलं, गल्ल्यातून परस्पर काढलेली रोकड हे विक्रीत धरलं आहे का? आणि सगळ्यात नाजूक म्हणजे रोखीतली विक्री हिशेबात पूर्ण येते का? ती येत नसेल तर कागदावरचा नफा कायमच लहान राहणार आणि तुमचा वाटा त्या लहान नफ्यातलाच असणार. वर फर्ममध्ये भागीदार झालात तर लपवलेल्या विक्रीवरच्या कराची जबाबदारीही तुमच्यापर्यंत येते.

कूकला यावर एक चांगला उपाय आहे: नफ्याऐवजी ज्या आकड्यावर त्याचा हात चालतो तो आकडा धरायचा. विक्रीतून कच्चा माल आणि भटारखान्याचे पगार वजा करून जे उरतं, त्याचा ठरावीक टक्का मागायचा. टक्का लहान असेल, पाच किंवा सहा, पण व्याज, मालकाचा पगार, नवी गाडी यांचा त्याच्याशी संबंध उरत नाही. माल वाया जाणं कमी केलंत, खरेदी नीट केलीत, तर फायदा थेट तुमच्याकडे येतो. मला स्वतःला वीस टक्के निव्वळ नफ्यापेक्षा हे गणित कितीतरी जास्त आवडतं, कारण ते तुम्हाला स्वयंपाकघरातल्या वहीवरूनच तपासता येतं.

नफ्यात वाटा घेतला म्हणजे भागीदार झालात का?

नाही. हा मुद्दा कूकच्या बाजूचा आहे. 1932 च्या कायद्याच्या कलम 6 मध्ये स्पष्ट केलं आहे की नोकराला मोबदला म्हणून नफ्यातला हिस्सा मिळाला, एवढ्यावरून तो भागीदार ठरत नाही. म्हणजे तुम्ही पगार चालू ठेवून वर वाटा घेऊ शकता आणि धंद्याची देणी तुमच्यावर येत नाहीत. पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), रजा, पाच वर्षं पुरी झाल्यावरची ग्रॅच्युइटी, जे जे तुम्हाला लागू आहे ते सुरू राहतं.

भागीदार झालात की हे सगळं थांबतं. भागीदार हा फर्मचा कर्मचारी नसतो. ईएसआयच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच तसा निर्णय दिला आहे. भागीदाराला "पगार" म्हणून जे मिळतं तेही करापुरतं धंद्याचं उत्पन्न धरलं जातं, त्यामुळे पगारदारांची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) मिळत नाही. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 20,000 रुपयांहून जास्त मोबदला किंवा व्याज भागीदाराला देताना फर्मने 10 टक्के टीडीएस कापायचा असतो. नफ्याच्या वाट्यावर मात्र फर्मने कर भरलेला असल्याने तुमच्या हातात पुन्हा कर लागत नाही. बरीच वर्षं एकाच ठिकाणी काम केलेल्या कूकने भागीदारीपत्रावर सही करण्याआधी ग्रॅच्युइटीचा हिशेब पुरा करून घ्यावा, नाहीतर ती रक्कम "आता आपलंच आहे की" या वाक्याखाली विरघळते.

नोकरी अधिक वाटा या पर्यायाची दुबळी बाजू आहे ती हिशेब बघण्याच्या हक्काची. भागीदाराला कलम 12 प्रमाणे फर्मच्या वह्या बघण्याचा, त्यांची नक्कल घेण्याचा हक्क आपोआप असतो. नोकराला तो नसतो, करारात मागून घ्यावा लागतो. तो मागा. दर तीन महिन्यांनी कच्च्या मालाची बिलं, विक्रीचा अहवाल आणि जीएसटीचं विवरणपत्र दाखवलं जाईल, एवढं वाक्य पुरतं. दुसरी उणीव म्हणजे हॉटेल उद्या मोठ्या किमतीला विकलं गेलं तर तुम्हाला त्यातलं काही मिळत नाही. ज्या कूकच्या हाताच्या चवीवर नाव झालं आहे त्याला हे सलतं, आणि सलायलाच हवं. त्यावरही करारात सोय करता येते: विक्री झाल्यास वर्षांच्या हिशेबाने ठरावीक रक्कम.

एक इशारा मात्र या पर्यायातही लागू आहे. पगारी असताना मेन्यूकार्डावर, व्हिजिटिंग कार्डावर, सोशल मीडियावर तुमचं नाव "पार्टनर" म्हणून छापू देऊ नका. कलम 28 नुसार जो स्वतःला भागीदार म्हणवतो, किंवा जाणूनबुजून तसं म्हणवून घेऊ देतो, तो त्या भरवशावर उधार देणाऱ्याला भागीदारासारखाच बांधला जातो. मान म्हणून छापलेलं नाव उद्या उधारी वसूल करायला आलेल्या माणसाच्या हातात पुरावा होतं. "मुख्य शेफ" लिहा, त्यात मान कमी नाही.

धंदा बुडाला तर

इथे फर्म आणि एलएलपी यांच्यातला फरक सगळ्यात उघड दिसतो.

फर्ममध्ये प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्यांना एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. हे कलम 25. तुमचा वाटा वीस टक्के असला तरी घेणेकरी शंभर टक्के रक्कम तुमच्याकडे मागू शकतो. मालकाकडून त्याचा हिस्सा वसूल करणं हे मग तुमचं काम. किराण्याची उधारी, थकलेलं भाडं, कर्मचाऱ्यांचे राहिलेले पगार, जीएसटी, सगळं यात आलं. शिवाय एका भागीदाराने धंद्याच्या नेहमीच्या कामात केलेला व्यवहार बाकीच्यांना बांधतो. तुम्ही भटारखान्यात असताना मालकाने उधारीवर माल उचलला तर तो तुमच्याही नावावर उचलला गेला. जुन्या देण्यांपुरता दिलासा असा की कलम 31 प्रमाणे नवा भागीदार त्याच्या येण्याआधीच्या व्यवहारांना जबाबदार नसतो. मात्र तुम्ही स्वतःहून करारात ती देणी अंगावर घेतली किंवा बँकेला हमी दिली, तर तो दिलासा गेला.

दुसरी बाब कमी जणांना ठाऊक असते आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. मालकाने 30 लाख भांडवल घातलं, तुम्ही काहीच नाही, नफा-तोट्याचं प्रमाण 75:25. हॉटेल बंद झालं, सगळी देणी फेडून 10 लाख उरले. बहुतेक कूक समजतात की मालकाचे पैसे गेले, आपली मेहनत गेली, फिटंफाट. कायदा तसं म्हणत नाही. कलम 48 प्रमाणे भांडवलातली तूटही तोटाच आणि ती नफ्याच्याच प्रमाणात वाटायची. तूट 20 लाखांची, म्हणून तुम्ही मालकाला 5 लाख देणं लागता. बाहेरचा एकही घेणेकरी उरलेला नसताना! भागीदारीपत्रात वेगळं लिहिता येतं, "कार्यकारी भागीदार (म्हणजे काम करणारा, तुम्ही) तोट्यात हिस्सेदार नाही" असं कलम घालता येतं आणि फर्ममध्ये शिरायचंच असेल तर ते घातल्याशिवाय सही करू नये. पण हे कलम फक्त भागीदारांमध्ये चालतं. बाहेरच्या घेणेकऱ्याला ते दाखवून त्याला परत पाठवता येत नाही.

एलएलपी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. तिची देणी तिची. तुम्ही जेवढं घालायचं कबूल केलं तेवढ्यापुरतीच तुमची जबाबदारी, फसवणूक किंवा तुमची स्वतःची चूक असेल तो भाग वेगळा. भांडवलाच्या बाबतीतही ती कूकला सोयीची आहे. 2008 च्या कायद्याच्या कलम 32 नुसार योगदान पैशातच असलं पाहिजे असं नाही, केलेल्या किंवा करायच्या सेवेचा करारही योगदान धरता येतो. म्हणजे मेन्यू बसवणं, माणसं तयार करणं, पहिलं वर्ष कमी पगारात काम करणं याची किंमत ठरवून ती तुमच्या नावावर योगदान म्हणून नोंदवता येते. साध्या फर्ममध्ये ही किंमत बहुधा तोंडीच राहते.

एलएलपीचा खर्च आहे. दरवर्षी दोन विवरणपत्रं भरावी लागतात, फॉर्म 11 साधारण 30 मेपर्यंत आणि फॉर्म 8 साधारण 30 ऑक्टोबरपर्यंत, उशीर झाला तर जादा शुल्क. उलाढाल 40 लाखांवर किंवा योगदान 25 लाखांवर गेलं की ऑडिट सक्तीचं. मालक कुरकुरेल की फर्म स्वस्त आणि सुटसुटीत. त्याच्यासाठी आहेही. पण हेच ऑडिट आणि हीच विवरणपत्रं कूकला हवी असतात, कारण त्यामुळे हिशेब दरवर्षी बाहेरच्या माणसाच्या नजरेखालून जातात.

या सगळ्या संरक्षणाला एकच सही भोक पाडते: बँकेच्या कर्जाला दिलेली वैयक्तिक हमी. बँक भागीदारांकडून ती मागतेच. ती दिली की त्या कर्जापुरती एलएलपी आणि फर्म यांत तुमच्यासाठी फरक उरत नाही. अल्प वाट्याच्या भागीदाराने हमी देऊ नये, हे सुरुवातीलाच बोलून घ्यावं. फारच अडलं तर आपल्या टक्क्याइतक्या रकमेची मर्यादित हमी द्यावी.

दरमहा हातात काय?

नोकरीत पगार ठरलेला. नोकरी अधिक वाट्यातही तो ठरलेला. भागीदारीत मात्र करार नसेल तर कायदा असं मानतो की कामाबद्दल भागीदाराला मोबदला नाही (1932 च्या कायद्याचं कलम 13), आणि एलएलपी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही तेच आहे. चौदा तास तुम्ही उभे राहाल, मालक संध्याकाळी गल्ल्यावर बसेल, आणि करार मुका असेल तर दोघांचा मोबदला सारखाच शून्य. म्हणून दरमहा ठरावीक मोबदला, तो नफा असो वा नसो, हे पहिलं कलम. गंमत म्हणजे त्याच कलम 13 प्रमाणे टक्का लिहिलेला नसेल तर नफा समान वाटायचा, आणि तोटाही समान. तोंडी "वीस टक्के" सिद्ध करता आले नाहीत तर पन्नास टक्के तोटा अंगावर येऊ शकतो.

बाहेर पडायचं झालं तर

नोकरी सोडणं सोपं. नोटीस द्यायची, हिशेब घ्यायचा, निघायचं. नोकरी संपल्यावर शेजारच्या हॉटेलात काम करू नये अशी अट करारात असली तरी 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे ती टिकत नाही. फर्ममधून बाहेर पडणाऱ्या भागीदारावर मात्र अशी अट वैध ठरू शकते, ठरावीक काळ किंवा ठरावीक परिसर एवढीच आणि वाजवी असेल तर (भागीदारी कायद्याचं कलम 36). हाताचं कसब हीच ज्याची मिळकत, त्याच्यासाठी ही अट टक्क्याहून मोठी आहे. सहा महिने आणि चार-पाच किलोमीटर ठीक. तीन वर्षं आणि पूर्ण शहर असेल तर सही करू नका.

फर्ममधून निघालात तरी जाहीर सूचना दिली जाईपर्यंत तुम्ही बाहेरच्यांसाठी भागीदारच राहता. ती सूचना म्हणजे फर्म नोंदवणाऱ्या निबंधकाकडे नोंद, राजपत्रात आणि जिल्ह्यातल्या स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात प्रसिद्धी. जीएसटी आयुक्तांनाही एका महिन्याच्या आत लेखी कळवावं लागतं, नाहीतर कळवेपर्यंतच्या कराची जबाबदारी सुटत नाही. रागाने एप्रन काढून ठेवून बाहेर पडणारा भागीदार यातलं काहीच करत नाही, आणि नोटिसा त्याच्या घरी येत राहतात.

मालकालाच तुम्हाला काढायचं असेल तर? करारात मुदत नसेल तर ती इच्छाधीन भागीदारी, आणि मालक एका लेखी नोटिशीने फर्म विसर्जित करू शकतो. जागेचा करार, खाद्य परवाना, हॉटेलचं नाव जर त्याच्या एकट्याच्या नावावर असेल, तर तो दुसऱ्या दिवशी त्याच पाटीखाली नव्या कूकबरोबर धंदा सुरू करेल. म्हणून जागेचा करार आणि परवाना कोणाच्या नावावर आहे, आणि नावाचा ट्रेडमार्क नोंदवला असल्यास तो फर्मचा की मालकाचा, हे तीन कागद टक्क्याइतकेच महत्त्वाचे. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असावाच लागतो, त्यामुळे प्रत मागण्यात संकोच नको.

पाककृतींबद्दलही तेव्हाच बोलावं. पदार्थ करण्याची रीत कॉपीराइटखाली अडवून ठेवता येत नाही, संरक्षण मिळतं ते लिहिलेल्या मजकुराला. त्यामुळे करारात काय लिहिलंय यावरच सगळं चालतं. तुम्ही येताना घेऊन आलेल्या पाककृतींची यादी जोडा आणि जाताना त्या वापरण्याची मुभा लिहून घ्या. तिथेच तयार केलेल्या पाककृती हॉटेलकडे राहाव्यात हे मालकाचं म्हणणं रास्त आहे, ते मान्य करावं.

फर्मची नोंदणी नसेल तर भागीदारी कायद्याचं कलम 69 आडवं येतं: धंदा चालू असताना आपला वाटा मागायला तुम्हाला दिवाणी दावा लावता येत नाही, फर्म मोडून हिशेब मागणं एवढाच रस्ता उरतो. फर्म आधीपासून नोंदलेली असली तरी तुमचं नाव निबंधकाच्या नोंदवहीत चढलं पाहिजे. भागीदारीपत्राची नोटरी केली म्हणजे ही नोंद झाली असं नाही.

भागीदाराच्या मृत्यूचा विषय कोणी काढत नाही, पण दोनच भागीदार असतील तर एकाच्या जाण्याने फर्म संपते आणि तुमच्या घरच्यांना मालकाकडे हिशेब मागत बसावं लागतं. एलएलपी टिकते, मात्र एकटा उरलेल्या भागीदाराला सहा महिन्यांत दुसरा घ्यावा लागतो.

मग कोणी काय घ्यावं

घरात एकटे कमावते असाल, डोक्यावर गृहकर्ज असेल, तर नोकरी अधिक वाटा, आणि वाटा कच्चा माल व पगार वजा केल्यानंतरच्या रकमेवर. मालकाला निवृत्त व्हायचं आहे आणि हॉटेल चालू, नफ्यात आहे, तर एलएलपी; हिस्सा दरवर्षी थोडा वाढेल आणि कुठल्या सूत्राने किंमत ठरवून तुम्ही उरलेला विकत घ्याल, हे पहिल्याच करारात. बाहेरचा गुंतवणूकदार नवी जागा काढतोय तर एलएलपीच, आणि त्यात सेवेचं योगदान नोंदवून, दरमहा मोबदला ठरवून. साधी फर्म मी फक्त एकाच कूकला सुचवेन: ज्याने मालकाच्या बरोबरीने पैसे घातले आहेत, ज्याचा हात भटारखान्याइतकाच गल्ल्यावर आहे आणि ज्याला तोटा सोसता येईल. बाकीच्यांसाठी पगारवाढही कमी प्रतीचा पर्याय नाही. ऑफर आली याचा अर्थ तुमच्या जाण्याने त्याचं नुकसान आहे, आणि ती किंमत पगारातही मागता येते.

उत्तर देण्याआधी मालकाकडे मागायचे कागद थोडेच आहेत: तीन वर्षांचे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकं, त्याच काळातली जीएसटीची मासिक विवरणपत्रं, कर्जाचं मंजुरीपत्र, जागेचा करार. विवरणपत्रांतली विक्री आणि तुम्ही रोज भटारखान्यातून बाहेर जाताना पाहता ती विक्री यांचा मेळ तुम्हालाच घालता येईल, त्याला सीए लागत नाही. नंतर कराराचा मसुदा स्वतःच्या वकिलाला दाखवा, मालकाच्या नव्हे. फी आपल्या खिशातून द्या. महिनाभराची मुदत मागा. आणि कागद दाखवायला तो तयार नसेल, तर पगारवाढ मागा आणि नोकरीतच राहा.